ढेपूला पाठ नाही

२ जानेवारी
नवीन डायरी. संकल्प एकच: यंदा कुणावर जळायचं नाही. तसा मी जळत नाहीच. पण ही म्हणते की मी जळतो, म्हणून तिच्या समाधानासाठी लिहून ठेवलं.

३ जानेवारी
मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आमच्या ‘पकडापकडी’ या गेमचा आठवा भाग वर्षाअखेरीस बाजारात येणार, आणि गेममधल्या सगळ्या प्राण्यांचा प्रमुख म्हणून शेपूटरावाची नेमणूक झाली आहे.
सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. सगळ्यात शेवटीही मीच थांबलो. हात अजून लाल आहेत. जळणारा माणूस इतक्या टाळ्या वाजवतो का?
शेपूटराव हे नाव फक्त या डायरीपुरतं. ऑफिसात मी त्याला नावानेच हाक मारतो आणि अरे-तुरे करतो. तो मला सर म्हणतो. म्हटलंच पाहिजे. ट्रेनी म्हणून आला तेव्हा स्क्रीनवर पेन कसं धरायचं हे मीच त्याला शिकवलं.

४ जानेवारी, सकाळ
ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी सत्य कुठेतरी लिहिलेलं असावं.
पहिला भाग आला तेव्हा आम्ही चौघं होतो. टायरच्या दुकानावरची खोली. स्क्रीन काडेपेटीएवढा, त्यावर हिरवट-काळे ठिपके. त्या ठिपक्यांतून मी ढेपू काढला. मातीचं एक ढेकूळ, त्याला दोन डोळे. बस. खेळणारा गावाबाहेर पडला की पहिल्याच गवतात त्याला ढेपू भेटायचा. म्हणजे जगात ज्याने ज्याने हा गेम खेळला, त्याने आयुष्यात पहिल्यांदा पकडला तो माझा ढेपू. (पुढे पकडलेल्या प्राण्यांची पेटी भरली की लोक त्याला सोडून द्यायचे, हा मुद्दा वेगळा.)
दुसऱ्या भागात रंग आले. सगळे प्राणी लाल-निळे-जांभळे झाले. ढेपू तपकिरी झाला. त्याच भागात शेपूटराव आला आणि त्याने झुबकी काढली. अंग एवढंसं आणि शेपूट अंगाच्या दुप्पट. मी तेव्हाच सांगितलं होतं की हे चालणार नाही.
तिसऱ्या भागापासून झुबकी गेमच्या डब्याच्या कव्हरवर आहे.
चौथ्यात थ्रीडी आलं. प्रत्येक प्राण्याची मागची बाजू काढायची होती, पोरं महिनोन्‌महिने राबली. ढेपूचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं, कारण तो पुढून-मागून सारखाच. पाचव्यात पकडलेला प्राणी आपल्या मागे चालायला लागला. झुबकी शेपूट हलवत चालायची. ढेपूला पाय नाहीत, त्यामुळे आपण थांबलो की तो नुसता मागे असायचा. सहाव्यात सगळे अवाढव्य झाले. अवाढव्य ढेपूला लोक टेकडी समजले आणि वळसा घालून गेले. सातव्यात रस्तेच काढून टाकले, सगळं मोकळं मैदान, वाटेल तिथून निघा. मग त्या पहिल्या गवताकडे कोण फिरकणार? यात ढेपूचा काय दोष?
उलट सात भागांत ज्याला एकदाही बदलावं लागलं नाही असा प्राणी एकच. याला म्हणतात डिझाइन.

१८ जानेवारी
चिमणीच्या दप्तरावर झुबकी. बाटलीवर झुबकी. उशीला झुबकीची शेपूट. पोटची पोर. वय वर्षं नऊ.
आज तिने विचारलं की तुझ्या ऑफिसात तुला झुबकी काढू देतात का. मी म्हटलं, झुबकी माझ्या शेजारच्या टेबलावर जन्मली. तर म्हणाली, मग त्या काकांची सही आण.
आणणार नाही.

१९ जानेवारी
आणली. पोरीचं मन मोडायचं नव्हतं. त्याने सहीखाली छोटी झुबकी पण काढून दिली. अर्ध्या मिनिटात. घाईचं काम.

५ फेब्रुवारी
मीटिंग. सगळे प्राणी मिळून नऊशेच्या वर झालेत. आठव्या भागात फक्त तीनशे राहणार, बाकीच्यांना नारळ. कोण राहणार हे शेपूटराव ठरवणार.
मी शांत. ढेपूला काढणं म्हणजे घराचा पाया काढणं.
मग नियम सांगितला. आठव्या भागात प्रत्येक प्राण्यावर बसून फिरता येणार. त्यामुळे ज्याला पाठ आहे तोच आत.
सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं कळलं नाही.
मी ठरवलं होतं की प्रमुख झाला तरी त्याला अरे-तुरेच करायचं. आज उभा राहून म्हणालो, “आपण पाठ म्हणजे नेमकं काय समजता?” ‘आपण’ कुठून आलं देव जाणे.

२० फेब्रुवारी
ढेपूला पाठ दिली. खरं तर ती होतीच, फक्त कुठली बाजू हे मी जाहीर केलं.
टेस्टरबाईंकडे नेलं. या बाई दिवसभर गेम खेळतात आणि त्यातल्या चुका काढतात, त्याचा पगार घेतात. त्यांनी स्वाराला ढेपूवर बसवलं. घसरला. पुन्हा बसवलं. दुसऱ्या बाजूने घसरला. बाईंनी विचारलं की ही कुठल्या जातीची स्वारी. मी म्हटलं, तोल सांभाळायची. त्यांनी रिपोर्टमध्ये ‘गोल आहे’ एवढंच लिहिलं.

११ मार्च
वरून सपाट केला. आता कुणी घसरत नाही. मॅडमनी फाइल उघडली आणि विचारलं की ही चुकून फर्निचरवाल्यांची फाइल आली का. सगळे हसले. शेपूटराव हसला नाही. मोठ्या लोकांना हसायची गरज पडत नाही.
ही म्हणाली की जाऊन त्याच्याशी सरळ बोल, ढेपू राहू दे म्हणून सांग. मी सांगितलं की मी कुणापुढे हात पसरणार नाही. ही म्हणाली की मग तोंड पाडून बसू नकोस. माझं तोंड असंच आहे.

२ एप्रिल
नवी योजना. जनमत.
कंपनीच्या वेबसाइटवर लोक पत्रं पाठवतात. ढेपूच्या बाजूने आज बरीच पत्रं गेली. एक शाळामास्तर, एक निवृत्त पोस्टमन, दोन जुळ्या बहिणी, एक खलाशी. खलाशाचं पत्र विशेष उतरलंय. वादळात सापडल्यावर त्याला झुबकी नाही, ढेपू आठवला. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

९ एप्रिल
मॅडमनी पत्रं मीटिंगमध्ये वाचून दाखवली. खलाशाचं दोनदा वाचलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.
मॅडमना एकच नवल वाटलं: मास्तर, पोस्टमन, जुळ्या आणि खलाशी, सगळ्यांनी ‘अद्वितिय’ असं लिहिलंय, दुसरी वेलांटी ऱ्हस्व. मी विचारणार होतो की मग कशी असते. विचारलं नाही, बरं झालं.
शेपूटराव म्हणाला की एका प्राण्याचे चाहते एकमेकांचं वाचून लिहितात, त्यामुळे तसं होतं. मॅडमना पटलं. शुद्धलेखनातलं त्याला काय कळतं, पण वेळेवर बोलला.
नंतर माझ्या टेबलाशी चहा घेऊन आला. थोडा उभा राहिला, कप ठेवला, गेला. जनमताने हादरलाय.

१४ मे
शेपूटरावाने जेवायला बोलावलं होतं. मी नाही म्हणणार होतो, पण चिमणी आधीच बूट घालून दारात उभी.
घर बघून निराशा झाली. मला वाटलं होतं दिवाणखान्यात झुबकीचा पुतळा असेल, तिच्या पैशांचे सोफे असतील. दोन खोल्या. पुस्तकं, एक कुंडी, एक मोडकी खुर्ची. झुबकी कुठेच नाही. चिमणीने विचारलंसुद्धा. तर म्हणाला, घरी नको वाटते.
खिडकी मात्र मोठी आहे. सकाळचं ऊन थेट टेबलावर येत असणार. अशा खिडकीत मी कुठल्या कुठे गेलो असतो.
जेवण झाल्यावर ही, त्याची बायको आणि चिमणी गच्चीत गेल्या. तो ताट सरकवून म्हणाला, “सर, तुम्ही नशीबवान आहात. तुमच्या ढेपूला कुणी हात लावत नाही. मी बारा वर्षं एकच शेपूट काढतोय. पंख लावा, बर्फात घाला, मोठी करा, पुन्हा लहान करा. नवं असं मी काहीच काढलेलं नाही.”
म्हणजे बघा. माझा एकही प्राणी कव्हरवर आला नाही म्हणून मला नशीबवान म्हणतो. बढाई मारायची ही नवी तऱ्हा.
मी फक्त म्हणालो की शेपूट काढणं सोपंच असतं म्हणा.
येताना ही रिक्षात म्हणाली, “आपण निघताना त्याला रडू येत होतं. तुला दिसलं नाही?”
मला दिसलं ते ऊन येणारं टेबल.

६ जून
मोठी बातमी. मॅडमनी एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. शेपूटरावाने झुबकी सोडायची परवानगी मागितली आहे. प्रमुख तोच राहणार, पण आठव्या भागातली झुबकी दुसऱ्या कुणीतरी काढावी, असं म्हणाला. दुसरं कुणी म्हणजे कोण, तर त्याने माझं नाव सुचवलं. बदल्यात त्याला एक किरकोळ गोष्ट हवी आहे. ढेपू.
मॅडमनी विचारलं की विचार करायला वेळ हवा का. मी म्हटलं, हवा. मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, त्या तो खाली ठेवेपर्यंत माझा विचार झाला होता.
झुबकी माझी.
ढेपूचं जरा वाईट वाटलं. पण असंही त्याला बाहेरच जायचं होतं. बुडत्या माणसाने दुसऱ्याचं ढेकूळ मागून घ्यावं, यात मी काय करणार?

७ जून
चिमणीला सांगितलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी इतक्या वर्षांत कधी टाकली नव्हती. मग म्हणाली, “बिघडवू नकोस हं.”

३ जुलै
झुबकीत जान आणायची तर शेपटीला गाठ हवी. एक साधी, सुंदर गाठ. कुणाला बारा वर्षांत सुचली नाही.
सकाळी पाठवली.
दुपारपर्यंत खेळणीवाल्यांचा मेल: गाठ लहान मुलं चावतील. उशीवाल्यांचा: गाठीवर डोकं ठेवता येत नाही. डबेवाल्यांचा: गाठ कव्हरवर मावत नाही. वकिलांचाही आला, तो मला कळला नाही.
मॅडमनी एका ओळीत लिहिलं: शेपूट होती तशी.

२६ जुलै
शेपटीचे केस. पाण्यात भिजलेले वेगळे, वाऱ्यात वेगळे, स्वार बसल्यावर दबलेले वेगळे, उठल्यावर पुन्हा फुगणारे वेगळे. मनगट सुजलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय उचलता? मी म्हटलं, शेपूट. त्यांनी वर बघितलं आणि पट्टा लिहून दिला.
हे सगळं तो निमूटपणे कसं करत होता कळत नाही. तक्रार करायला हवी होती त्याने. केली असती तर मी ऐकली असती.

१० ऑगस्ट
पाणी आणायच्या निमित्ताने शेपूटरावाच्या मागून तीनदा गेलो. स्क्रीनवर ढेपू. जसा होता तसा. तपकिरी, दोन डोळे. माझी सपाट पाठ काढून टाकून पुन्हा गोल केलाय. पुढे काहीच नाही. आणि हा नुसता हनुवटीला हात लावून बघत बसलाय.
बरं वाटलं. अडकला.

२८ ऑगस्ट
अजून काहीच नाही. टेस्टरबाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या की काहीतरी आहे, पण सांगायचं नाही असं सांगितलंय. बाईंचा चेहरा वेगळाच वाटला. झोप काढून उठल्यासारखा. कामाच्या वेळेत झोपतात वाटतं.

१५ सप्टेंबर
पाहिलं एकदाचं. आठव्या भागात सगळे प्राणी धावतात, उडतात, पोहतात, पाठीवर घेऊन जातात. ढेपू तसा नाही. तो पहिल्या गवतात बसलेला असतो. आपण जवळ गेलो की आपला माणूस त्याच्या शेजारी बसतो आणि टेकतो. संगीत थांबतं. गवताचा आवाज येतो. ढेपू थोडासा आपल्याकडे कलतो. उठावंसं वाटलं की उठायचं. काही मिळत नाही. गुण नाहीत, बक्षीस नाही.
बस? तीन महिन्यांचं काम हे?
मी चारचौघांत स्पष्ट सांगितलं की हे पडणार. पाठ नाही म्हणून टेकायला लावायचं, ही पळवाट आहे. शिवाय ही कल्पना मला कधीच सुचली असती. मी सुचू दिली नाही.
आणि नियम? पाठ असेल तोच आत. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की त्या जागेवर झुबकीचं सोनेरी रूप यायचं होतं, कव्हरसाठी. ते त्याने स्वतः रद्द केलं आणि ढेपूला बसवलं.
माझी सोनेरी झुबकी. मला न विचारता.

१७ नोव्हेंबर
गेम बाजारात आला. पहिले दोन दिवस फक्त झुबकी. जो तो माझ्या शेपटीला धरून डोंगरावरून उड्या मारतोय. चिमणीने वर्गात सांगितलं. तिच्या बाई मला गॅदरिंगला बोलावणार म्हणे. भाषण तयार ठेवलं.

२० नोव्हेंबर
नेटवर लोक विचित्र फोटो टाकतायत. ढेपूशेजारी बसलेले. खाली काही लिहीत नाहीत. नुसतं बसलेले.

२३ नोव्हेंबर
अजून तेच. एकीने लिहिलं की वडील गेल्यापासून रोज दहा मिनिटं इथे येते. त्याखाली शेकडो लोक. एक खरोखरचा खलाशी निघाला. त्याचं पत्र माझ्याइतकं चांगलं नाही.

२५ नोव्हेंबर
ही दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन येते. आमच्या सात भागांपैकी एकालाही तिने हात लावला नव्हता. आज आल्यावर पर्स न ठेवताच चिमणीच्या हातून गेम घेतला आणि ढेपूपाशी जाऊन बसली. चहा गार झाला तरी उठली नाही.
मग विचारलं की हे तू केलंस ना.
मी म्हटलं, हो. म्हणजे ढेकूळ माझं.
ती म्हणाली की बसायचं कुणी सुचवलं.
मी म्हटलं, आठवत नाही.

२ डिसेंबर
कंपनीचा समारंभ. शेपूटरावाला स्टेजवर बोलावलं. त्याने माइक हातात घेतला आणि खाली बघून म्हणाला, “ढेपू सरांचा आहे. मी एवढंच केलं, की त्याला कुणाला बिघडवू दिलं नाही.” मग त्याने माझ्याकडे हात केला. अख्खा हॉल वळला आणि टाळ्या सुरू झाल्या.
मी उभा राहिलो. बसलो. पुन्हा उभा राहिलो. 
घरी येईपर्यंत विचार केला. बाराशे माणसांसमोर इतका मोठेपणा करायची काय गरज होती? आता हेही त्याचंच झालं. मोठेपणा मलाही करता आला असता. स्टेज त्याला मिळालं.

९ डिसेंबर
मॅडमनी बोलावलं. नववा भाग ठरला. झुबकी आता कायमची माझ्याकडे, कारण वेळेवर देतो आणि शेपूट बदलत नाही. मी आभार मानले.
शेपूटरावाने प्रमुखपद सोडलं. जिन्याखालची सामानाची खोली रिकामी करून मागितली आहे. तिथे एकटा बसून काहीतरी अगदी नवं काढणार म्हणे. काय ते त्यालाही माहीत नाही. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. दिवसभरात चार वेळा त्या दारावरून गेलो. आतून शिट्टी ऐकू येत होती.

१६ डिसेंबर, सकाळ
आज ठरवलंय. त्याच्याकडे जायचं आणि सरळ सांगायचं की ढेपूचं काम उत्तम झालं. शब्द ठरवले: “फार छान केलंस.” तीनच शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले. तिसऱ्यांदा जमले.

१६ डिसेंबर, संध्याकाळ
गेलो. तो जमिनीवर कागद पसरून बसला होता. मला बघून उठला, एकुलतं एक स्टूल पुढे केलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “सर, भिजलेली शेपूट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली जमलीय. मला ते कधी आलं नाही.”
खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता तर मला लगेच कळलं असतं.
मी म्हटलं, “ढेपूच्या डाव्या डोळ्याखालची सावली जरा जास्त झालीय.”
त्याने कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. थँक्यू सर म्हणाला.

घरी येऊन पुन्हा पाहिली. ढेपूपाशी बराच वेळ बसलो, सगळ्या बाजूंनी पाहिली.
सावली बरोबर आहे.